‘झोळ’चे रेखाटन कोणाकडे जावे

मी, त्रिवेणी मुकुंदराव बिलोलीकर, वय तीस वर्षे पूर्ण, शिक्षण बी. ई. (स्थापत्य), राहणार विद्यानगर, हैदराबाद, हे मृत्युपत्र शुद्धीत, स्वतःच्या अक्षरात, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि आनंदात लिहीत आहे. ‘आनंदात’ हा शब्द कायद्याला लागत नाही. पण दस्तऐवजात वस्तुस्थिती लिहावी असे आजोबा म्हणत, आणि वस्तुस्थिती ही आहे.

मला कोणताही आजार नाही. हे वाक्य अमेरिकेत असलेल्या माझ्या भावासाठी, हेमंतसाठी आहे. त्याला याची प्रत टपालाने जाईल. त्याचे मराठी वाचन अडखळत चालते, त्यामुळे तो पहिल्याच वाक्यानंतर थांबून फोन करण्याची शक्यता आहे. हेमंत, पुढे वाच.

आमच्या घरात तिसावा वाढदिवस मृत्युपत्र लिहून साजरा होतो. ही रीत माझे आजोबा नरहरराव यांची. ते निजामाच्या काळापासून वकील होते आणि त्यांनी अर्ध्या शहराची मृत्युपत्रे उर्दूत लिहिली. त्यांचे निरीक्षण असे की अंथरुणाला खिळलेला माणूस मृत्युपत्रात एकतर भितो, नाहीतर सूड घेतो. तिशीतला माणूस मात्र नीट विचार करतो, कारण मरण त्याला खरे वाटतच नाही. म्हणून घरातल्या प्रत्येकाने तिशीला लिहायचे, जेवणाआधी सर्वांसमोर वाचायचे. वाचताना मध्ये कोणी बोलायचे नाही. वाचून झाल्यावर हरकती घ्यायच्या, त्या खाली उतरवायच्या आणि मग सह्या. ज्याला काही मिळणार त्याने साक्ष द्यायची नाही. सह्या झाल्याशिवाय गोड वाढायचे नाही. आज खुबानी का मीठा आहे.

माझे वडील मुकुंदराव यांनी त्यांच्या तिशीत लिहिले होते, की त्यांची स्लाइड रूल, म्हणजे हिशोबाची सरकती पट्टी, ‘होणाऱ्या अपत्यापैकी जे पूल बांधेल त्याला’ जावी. तेव्हा त्यांचे लग्नही झाले नव्हते. आजोबांनी हरकत घेतली, “मुलगा की मुलगी ते लिही.” बाबा म्हणाले, “पूल लिहिलं आहे, ते पुरे.” हेमंत संगणकाकडे गेला. मी पूल बांधला नाही. स्लाइड रूल अजून बाबांच्या कपाटात आहे.

या मृत्युपत्रातली बरीचशी कलमे किरकोळ आहेत. खरे तर ते एका कागदासाठी लिहिले आहे. तो कागद म्हणजे माझ्या ‘झोळ’ या शिल्पाचे, शिल्प करण्यापूर्वी केलेले रेखाटन. आम्हा इंजिनिअर लोकांच्या सवयीने त्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात दोन चौकटी आखलेल्या आहेत, ‘काढले’ आणि ‘तपासले’. पहिलीत माझी सही आहे. दुसरी दोन वर्षे रिकामी आहे. ती बाबांनी भरावी अशी माझी इच्छा आहे. त्यांचे उत्तर ठरलेले असते, “जे मला कळत नाही त्यावर मी सही करत नाही.” रस्ते व पूल खात्यात त्यांनी नोकरीभर हेच वाक्य वापरले. त्यामुळे त्यांच्या बऱ्याच बदल्या झाल्या आणि त्यांचा एकही पूल पडला नाही. तेव्हा मी त्यांना आग्रह करू शकत नाही. समजावून सांगू शकते, आणि मध्ये न बोलण्याचा नियम आज माझ्या बाजूने आहे.

कलम १. माझ्या नावावर घर नाही. बँकेतली आणि प्रॉव्हिडंट फंडातली शिल्लक माझी आई सुमन हिला मिळावी. तिने ती हेमंतच्या उपयोगाच्या कोणत्याही गोष्टीसाठी वापरू नये. त्याला पगार डॉलरमध्ये आहे. आईने विमानात खिडकीजवळ बसून मद्रासपर्यंत जावे आणि परत यावे. मद्रासला काही काम असण्याची गरज नाही.

कलम २. माझा ड्रॉइंग बोर्ड, मिनी ड्राफ्टर, शाईची पेने आणि सर्व पट्ट्या वृषालीला द्याव्यात. ही माझी ऑफिसातली ज्युनिअर. आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आले त्या महिन्यात सगळे बोर्ड भंगारवाल्याला वजनावर गेले. माझा मी त्याच्या हातगाडीवरून परत विकत घेतला. तो म्हणाला, “अम्मा, जलाने कू लेते क्या?” मी हो म्हटले, म्हणजे भाव वाढला नाही. वृषाली पडद्यावर माझ्यापेक्षा चांगले काढते. पण तिने आजवर एकही रेघ रबराने खोडलेली नाही. पडद्यावरची रेघ काढून टाकली की पूर्ण जाते. कागदावर खोडलेली रेघ थोडी मागे राहते, आणि पुढची रेघ तिला पाहून काढली जाते. हे तिने एकदा करून पाहावे.

कलम ३. माझे पिवळे हेल्मेट आमचे विभागप्रमुख श्री. प्रमोद यांना द्यावे. मी पहिल्यांदा साइटवर निघाले तेव्हा त्यांनी लेडीज साइझ नसल्याचे कारण सांगून मला थांबवले होते. मी दिलसुखनगरला जाऊन स्वतः विकत घेतले. त्याचा साइझ त्यांना बरोबर बसतो. एकदा मी खुर्चीवर ठेवून गेले असता त्यांनी घालून पाहिले होते, हे मला माहीत आहे.

कलम ४. माझी स्कूटर, गमबूट, रबराच्या चिकाचे पिंप, ब्रश आणि कुकटपल्लीच्या शेडमधले माझे इतर सामान श्री. गौतम उमाजी हंबर्डे यांना मिळावे. गौतमच्या घरची शेती नांदेडकडची. तो स्वतः कुकटपल्लीत फायबरग्लासच्या पाण्याच्या टाक्या करतो आणि त्याच्या शेडचा एक कोपरा मला देतो. माझ्या स्कूटरला गिअर नाही म्हणून तो तिला शिवणयंत्र म्हणतो. ती त्याने वर्षभर चालवावी, मग बोलावे. गौतमचे आणि माझे नाते काय, हे या दस्तऐवजात नमूद करण्याचे कारण नाही. ते जानेवारीत पत्रिकेत नमूद होईल.

कलम ५. गच्चीवरचा लोखंडी सांगाडा आईला मिळावा. तसा तो तिनेच ताब्यात घेतलेला आहे. हे कलम फक्त कागद पूर्ण करण्यासाठी. पण सांगाड्याची हकिगत इथे लिहावी लागेल, कारण कलम ७ तिच्यावर उभे आहे.

दोन वर्षांपूर्वी मी ‘झोळ’चे रेखाटन केले. आलेखाच्या मोठ्या कागदावर पेन्सिल आणि पातळ शाई. त्यात तेरा पट्ट्या आहेत. प्रत्येक पट्टी दोन टोकांना अडकवलेली आणि मध्ये खाली आलेली, जशी सैल दोरी येते. त्यानंतर मी आठवडाभर विशाखापट्टणमला साइटवर गेले. बाबांना तो कागद माझ्या टेबलावर दिसला. मोजमापे होती, चौकटी होत्या, अक्षर माझे होते. मुलीने काहीतरी डिझाइन केले आहे, ती परत यायच्या आत तयार ठेवू, असे त्यांच्या मनात आले. त्यांनी त्यावरून ट्रेसिंग करून त्यात सळया आणि पाय घातले, कोठीच्या बाजारात जाऊन त्याची ब्लूप्रिंट काढली, कुकटपल्लीला खाजामियाँच्या वेल्डिंगच्या दुकानात दिली आणि दोन दिवस स्टुलावर बसून समोर करून घेतली.

मी आले तेव्हा गच्चीवर तेरा सळयांचा लाल रंग दिलेला सांगाडा चार पायांवर उभा होता. चारी पाय ओळंब्यात, सळया सुतासारख्या सरळ.

“हे काय आहे बाबा?”

“तुझंच आहे. तुझ्या ड्रॉइंगप्रमाणे.”

“माझ्या ड्रॉइंगमध्ये ह्या मध्ये झुकलेल्या आहेत.”

“हो, तेवढी चूक मी दुरुस्त केली. जाडी लिहिली नव्हतीस, म्हणून वाकल्या असत्या. सोळा मिलिमीटरची सळई घातली. आता हत्ती बसला तरी वाकायची नाही.”

“वाकायलाच हव्यात बाबा. त्या रबराच्या आहेत.”

बाबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “लोंबायचंच आहे तर त्याला ड्रॉइंग कशाला लागतं? लोंबायला कुणाची परवानगी काढतं का कुणी?”

मी उत्तर दिले नाही. बाबांना तेव्हापासून वाटते की मी रागावले होते. मी रागावले नव्हते. माझ्याकडे उत्तर नव्हते. मी खाजामियाँकडेही गेले होते. ते म्हणाले, “साब बोले सीदा करो, सीदा कर दिये. अब टेढा हुना तो कल लेके आव, टेढा कर देते. उसमें क्या है.”

आईने मात्र दुसऱ्याच दिवशी त्याच्यावर साड्या टाकल्या. मग कुरडया, मग शेवया, मग शेजारच्या कुसुमताईंच्या दुलया. वाळवणाला असा सांगाडा विद्यानगरात दुसरा नाही, आणि तो बाबांनी करून दिला आहे असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

कलम ६. ‘झोळ’ हे शिल्प सध्या कुकटपल्लीतल्या एका नव्या सॉफ्टवेअर कंपनीच्या दर्शनी भागात टांगलेले आहे. ते त्यांचे आहे, त्यामुळे त्याची वाटणी मी करू शकत नाही. त्याच्या शेवटाविषयी मात्र लिहू शकते. ते रबराच्या चिकात बुडवलेल्या मलमलीचे आहे. नवे होते तेव्हा सायीसारखे दिसे. आता ते गुळाच्या रंगाचे झाले आहे आणि दोन उन्हाळ्यांनी कडांना कडक होईल. कंपनीने विचारले आहे की हेच फायबरग्लासमध्ये कायमचे करून मिळेल का. मी गौतमला विचारले.

“करून देऊ की,” तो म्हणाला. “टाकीला पाच वर्षांची गॅरंटी देतो, ह्याला दहा देऊ.”

“आणि दिसेल कसं?”

त्याने विचार केला. “लोंबल्यासारखं दिसेल. लोंबत नसेल.”

म्हणून नाही. ‘झोळ’ तुटेल तेव्हा तुटू द्यावे. त्याचे तुकडे जपून ठेवू नयेत, फुले वाहू नयेत. हूक काढून परत आणावेत, ते चांगले आहेत. ज्याच्याकडे रेखाटन असेल त्याला वाटल्यास त्याने ते पुन्हा करावे. तेव्हा कुकटपल्लीत जे ओतता येईल आणि जे कापड मिळेल त्यातून करावे. ते हुबेहूब होणार नाही. हुबेहूब व्हावे असे रेखाटनात कुठेही लिहिलेले नाही.

कलम ७. आता रेखाटन. हे कलम बाबांच्या प्रश्नाचे उत्तर आहे, दोन वर्षे उशिरा.

विद्यापीठाच्या आवारात अमेरिकन अभ्यासाचे संशोधन केंद्र आहे. बी. ई. करत असताना मी त्याच्या ग्रंथालयात जात असे, कारण तिथे पंखे चालत. तिथल्या जुन्या कलामासिकांत मला पहिल्यांदा कळले की साठ सालानंतर तिकडे काही शिल्पकार धातूच्या आणि काचेच्या साध्या, सरळ पेट्या करत होते, आणि त्यांतले काही वस्तूला स्वतः हातही लावत नव्हते. रेखाटन कारखान्यात पाठवायचे, वस्तू तयार होऊन यायची. याला मिनिमलिझम म्हणतात. बाबांना ही पद्धत पटेल. तिथे रेखाटन हा हुकूम असतो, आणि खाजामियाँ तो पाळतात.

त्यांच्या मागून आलेल्यांना पोस्टमिनिमलिस्ट म्हणतात. त्यांनी तीच रांग, तोच चौकोन, तोच आलेखाचा कागद घेतला, पण लोखंडाच्या जागी रबर, दोर, मेण, दाबलेल्या लोकरीचा नमदा, जाळीचे कापड आणले. ही द्रव्ये हुकूम ऐकत नाहीत. ती ओघळतात, पसरतात, वाळताना आकसतात, काही वर्षांनी नासतात. त्यांच्यापैकी काहींनी तरीही भरपूर रेखाटने केली. मला ते विचित्र वाटले आणि फार आवडले. आलेखाच्या बारीक चौकटींत हाताने काढलेली वर्तुळे, एकही दुसऱ्यासारखे नाही. आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी नापास केले असते.

हुकूम ऐकत नाही त्याचे रेखाटन कशाला, हे मला कळले ते ग्रंथालयात नाही, आमच्या गच्चीवर कळले. आई ओली साडी दोन सळयांवर टाकते आणि मध्ये तिला झोळ पडतो. पाणी उतरत उतरत झोळाच्या तळाशी जमते. तिथे साडी जड होते, म्हणून झोळ थोडा वाढतो, म्हणून अजून पाणी तिथेच येते. तळ सगळ्यात शेवटी वाळतो. मी सकाळभर पाहत उभी होते. आई म्हणाली, “अय्यो, साडी पळून जाते का काय?”

माझ्या रेखाटनात पट्टीची जाडी सगळीकडे सारखी धरलेली होती. मी ती खोडली. पट्ट्या सपाट फळीवर वाळवायच्या असे लिहिले होते, तेही खोडले. लाल पेन्सिलीने बाबांचा सांगाडा रेखाटनात काढला आणि लिहिले: मलमल चिकात बुडवून ओलीच या सांगाड्यावर, मधल्या सळयांच्या खालून नेऊन बाहेरच्या दोन सळयांवर अडकवावी आणि वाळेपर्यंत हात लावू नये. चीक स्वतः तळाला जातो. जाडी स्वतः ठरते. ‘झोळ’च्या तेराही पट्ट्या अशाच, एकेक करून, उन्हाळाभर आमच्या गच्चीवर झाल्या. बाबांना वाटत होते मी दुलयांना काहीतरी लावते आहे.

म्हणजे बाबांनी माझ्या शिल्पाचे जे चुकीचे करून ठेवले, त्याच्याशिवाय शिल्प झालेच नसते. हे मी त्यांना सांगितले नाही, कारण आमच्या घरात अशा गोष्टी तोंडाने सांगण्याची रीत नाही. मृत्युपत्रात सांगण्याची आहे.

तेव्हा उत्तर असे. हे रेखाटन वस्तू कशी दिसेल ते सांगत नाही. दोन टोके कुठे घट्ट धरायची ते सांगते, लांबी सांगते, आणि मग हात कुठे काढून घ्यायचा ते सांगते. हात कुठे काढून घ्यायचा हे ठरवल्याशिवाय नुसते सोडून दिले, तर त्याला पसारा म्हणतात. लोंबायला परवानगी लागत नाही, बाबा. नीट लोंबायला दोन पक्की टोके लागतात. तुम्हीच मी आठवीत असताना कपड्यांच्या दोरीवर दाखवले होते, की टोके आणि लांबी दिली की मधला वाक काढावा लागत नाही, तो आपला आपण येतो, आणि तोच उलटा केला की उत्तम कमान होते. तुम्ही तो उलटा करून पूल बांधले. मी तसाच ठेवला.

काही जाणकार रेखाटनालाच शिल्प समजून काचेत बसवतात, कारण रबर नासते आणि कागद राहतो. तेही करू नये. वरणाची कृती लिहिलेला कागद कोणी भातावर घेत नाही.

हे रेखाटन माझ्या पश्चात माझे वडील मुकुंदराव नरहरराव बिलोलीकर यांना मिळावे. गौतमला नाही, तो ते पक्के करून टाकेल. कोणत्याही संग्रहालयाला नाही. बाबांच्या पश्चात ते कोणाला द्यायचे हे बाबांनी ठरवावे. अट एकच, की घेणाऱ्याने आधी एखादा त्रासदायक प्रश्न विचारलेला असावा.

कलम ८. आमच्या शेजारी कुसुमताई यांना या मृत्युपत्राने काहीही देता येत नाही, कारण त्या साक्षीदार आहेत. ‘झोळ’च्या प्रदर्शनात त्यांनी शिल्पाच्या चौथ्या पट्टीला आपली पर्स अडकवली होती. त्यांना साक्षीदार करण्याचा आणि या गोष्टीचा संबंध आहे असे त्यांनी समजू नये. समजल्यास माझी हरकत नाही.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲडव्होकेट नामदेवराव कंधारकर यांनी करावी. ते आजोबांचे शेवटचे ज्युनिअर आणि दुसरे साक्षीदार. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. यानंतर केल्यास तेही वाचून दाखवीन.

हरकती. (वाचनानंतर, जेवणापूर्वी, जसे बोलले गेले तसे मी उतरवले आहे.)

कुसुमताई: “म्हणजे मला काहीच नाही? पर्स काय की बाई, मला वाटलं अडकवायलाच केलंय. इतकं छान खाली आलेलं होतं.”

उत्तर: त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. तरी काही नाही.

आई: “मद्रासला नको. तिथं उकडतं. दिल्ली लिही.”

उत्तर: मान्य. कलम १ मध्ये मद्रासच्या जागी दिल्ली वाचावे.

नामदेवराव: “कलम चारमध्ये पत्रिकेचा उल्लेख आहे. कसली पत्रिका, ते स्पष्ट करावं लागेल.”

बाबा: “ते राहू द्या वकीलसाहेब. मी पूल बांधत होतो, आंधळा नव्हतो.” मग समोर बसलेल्या गौतमकडे न पाहता, “शिवणयंत्र शिकून घ्या.”

गौतम: “हौ काका.” त्याची दुसरी हरकत नाही.

त्यानंतर बाबा म्हणाले, “माझी हरकत आहे. मी सहासष्ट वर्षांचा आहे, ही तीस. मृत्युपत्र खाली वाहतं, वर चढत नाही. हे उलट आहे.”

मी म्हणाले, “वाक उलटा करायचं तुम्हीच शिकवलंत.”

बाबांनी रेखाटन मागितले. मी ते जेवणाच्या टेबलावर पसरले. आईने ताटे उचलून कोपऱ्यात नेली. बाबांनी चष्मा लावला आणि बोट लाल रेघेवरून फिरवले. स्वयंपाकघरातून खुबानीचा वास येत होता आणि नामदेवरावांचे लक्ष तिकडे होते.

“जाडी अजून लिहिलेली नाही,” बाबा म्हणाले.

“लिहायची नाही. गच्चीवर जाऊन साड्या बघा.”

“आत्ता?”

“आज सकाळीच टाकल्यात,” आई म्हणाली. “जा. पण लवकर या. माणसं उपाशी आहेत.”

बाबा टेप घेऊन वर गेले. टेप कशाला, हे कोणाला कळले नाही. बराच वेळ ते आले नाहीत. कुसुमताई म्हणाल्या, “सही नाही झाली तर मीठा मिळायचाच नाही का?” आई म्हणाली, “सासऱ्यांचा नियम आहे.” नामदेवरावांनी सांगितले की एकोणीसशे एकसष्टात बाबांच्या वेळी संध्याकाळ झाली होती.

बाबा खाली आले. त्यांच्या सदऱ्याच्या बाहीवर ओला डाग होता.

“तळाची कड ओली आहे,” ते म्हणाले. “बाकीची खडखडीत. हात लावून बघितली.” मग रेखाटनावर बोट ठेवले. “हे आठ फूट कुठून घेतलंस? बाहेरच्या दोन सळयांमधलं?”

“तुमच्या ब्लूप्रिंटवरून.”

“ब्लूप्रिंटवर आठच आहे. सांगाडा सात फूट अकरा आहे. खाजामियाँकडे लोखंडाचा अँगल एक इंच कमी पडला. मी म्हटलं, चालेल.”

“म्हणजे तुमचंही ड्रॉइंग तंतोतंत उतरलं नाही.”

“एक इंच,” बाबा म्हणाले.

“एक इंच,” मी म्हणाले.

“तुझ्या पट्ट्या किती लांब?”

“आठ फूट दोन इंच. पण हिशोबापेक्षा झोळ सगळ्या पट्ट्यांत जवळजवळ दोन इंच जास्त आला. मी तो रबराचा स्वभाव धरला.”

बाबांनी कपाटातून स्लाइड रूल काढली. सरकवली, डोळ्यांजवळ नेली, पुन्हा सरकवली. मग ते हसले. बाबा आवाज न करता हसतात, फक्त खांदे हलतात.

“पावणेदोन इंच,” ते म्हणाले. “टोकं एक इंच जवळ आली की झोळ इतका वाढतो. रबराचा स्वभाव नाही हा. खाजामियाँचा आहे.”

गौतम खो खो हसला. मग आई, मग आम्ही सगळे. कुसुमताईंना काय झाले ते कळले नाही, पण त्या सगळ्यात जास्त हसल्या.

बाबांनी स्लाइड रूल परत कपाटात ठेवली नाही. ती त्यांनी रेखाटनावर, माझ्या बाजूला ठेवली आणि म्हणाले, “पेन दे.”

हरकती संपल्या.

वरील सर्व मजकूर मी वाचला, वाचून दाखवला, आणि तो माझा आहे. कलम १ मधील दुरुस्ती मला मान्य आहे. ही सही मी दोन्ही साक्षीदारांच्या समोर केली, आणि त्यांनी आपल्या सह्या माझ्या समोर केल्या.

(सही) त्रिवेणी मुकुंदराव बिलोलीकर

साक्षीदार:
१. (सही) ॲड. नामदेवराव कंधारकर
२. (सही) कुसुमताई, शेजारी. काहीही न मिळता.

स्थळ: विद्यानगर, हैदराबाद
दिनांक: रविवार, ९ नोव्हेंबर १९९७

सोबत: ‘झोळ’चे रेखाटन, एक पान. उजव्या खालच्या कोपऱ्यातील नोंद पुढीलप्रमाणे.

काढले: त्रि. मु. बिलोलीकर
तपासले: मु. न. बिलोलीकर, ९-११-९७
शेरा: अंतर ८ फूट नव्हे, ७ फूट ११ इंच. झोळ आहे तसाच ठेवावा.